मोतीबिंदूनंतर पडद्याला सूज: थेंबांचा कोर्स नीट कसा पार पाडायचा

मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं होतं, आठ-दहा दिवसांत वर्तमानपत्र वाचता येऊ लागतं, आणि महिना-सव्वा महिन्याने त्याच डोळ्याला मधोमध धूसर दिसायला लागतं. डॉक्टर तपासून सांगतात, "पडद्याला सूज आहे, थेंब लिहून देतो." हे थेंब बहुतेकांना लागू पडतात. जिथे पडत नाहीत, तिथे अनेकदा औषध बरोबर असतं. घोळ होतो तो टाकण्यात, मोजण्यात आणि बंद करण्यात. कोणी आठवड्यात बरं वाटलं म्हणून बाटली फडताळात ठेवून देतं, तर कोणी त्याच जुन्या चिठ्ठीवर सहा-सहा महिने मेडिकलमधून यातले स्टेरॉइडचे थेंब आणत राहतं. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण तिचं नुकसान भरून येत नाही.

पुढे दिलेल्या मात्रा आणि आठवडे नेहमीच्या वापरातले आहेत. तुमच्या चिठ्ठीत वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठीप्रमाणे चाला, आणि फरक का आहे ते पुढच्या भेटीत विचारा.

टप्पा १: सूज कोणती, हे आधी पक्कं करा

ऑपरेशननंतर डोळ्यात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची दाह वाढवणारी द्रव्यं तयार होतात. ती डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) पोचली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाझरलेलं पाणी पडद्याच्या मधल्या भागात, म्हणजे मॅक्युलात, छोट्या छोट्या पोकळ्या करून साचतं. वाचन, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं याच भागावर चालतं. म्हणून बाजूचं दिसतं, पण मधलंच बिघडतं.

ही सूज बहुधा ऑपरेशननंतर ४ ते १० आठवड्यांत जाणवते. डोळा लाल नसतो, दुखत नाही. अक्षरं पुसट होतात, सरळ रेषा मध्येच वाकलेल्या दिसतात, रंग फिके वाटतात. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही. चष्मेवाल्याकडे दोन-दोन फेऱ्या मारून मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणारे पुष्कळ असतात. त्यात महिना सहज वाया जातो.

नक्की निदान ओसीटी स्कॅनने, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीने होतं. तपासणी पाच-दहा मिनिटांची, डोळ्याला काही टोचत नाहीत. रिपोर्टवर मॅक्युलाच्या मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेली असते. बहुतेक मशिनवर निरोगी डोळ्यात ती २५० ते २७० च्या आसपास येते, सूज असेल तर ३०० च्या वर जाते, कधी ५०० पलीकडेही. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि शेजारी मशिनचं नावही लिहा. वेगवेगळ्या कंपन्यांची मशिनं जाडी थोडी वेगळी मोजतात. आज एका सेंटरला आणि महिन्याने दुसऱ्या सेंटरला स्कॅन काढला, तर आलेला फरक सुजेचा की मशिनचा हे सांगता येत नाही.

थेंब सुरू होण्याआधी पुढच्या गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घातल्याच पाहिजेत. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा:

- मधुमेह आहे का, किती वर्षं, आणि शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) किती आला. मधुमेहामुळे येणारी पडद्याची सूज वेगळी असते आणि तिला नुसते थेंब पुरत नाहीत. एकाच डोळ्यात दोन्ही प्रकार एकत्रही असू शकतात.
- काचबिंदू आहे का, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला आहे का. अशांचं डोळ्याचं प्रेशर (डोळ्याच्या आतला दाब) स्टेरॉइडने वाढण्याची शक्यता जास्त.
- काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्टचे थेंब चालू आहेत का. हीच औषधं ही सूज वाढवू शकतात, आणि डॉक्टर ती काही काळ बदलून देऊ शकतात. स्वतःहून मात्र बंद करू नका. प्रेशर उसळलं तर दुसरंच संकट.
- अॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळीने कधी दम लागला होता का, अंगावर पित्त उठलं होतं का.
- संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), डोळ्यांचा कोरडेपणा, पूर्वी डोळ्यात नागीण झालेली असणं.

सावधान: दुखणं, लाली, पू किंवा चिकट स्राव, अचानक दृष्टी जाणं, एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं दिसणं, विजा चमकल्यासारखा प्रकाश, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस, यांपैकी काहीही असेल तर ते या सुजेचं लक्षण नाही. संसर्ग किंवा पडदा सुटल्याची शंका घ्यावी लागते. त्याच दिवशी, रविवार असला तरी, डोळ्यांच्या दवाखान्यात जा. या लेखातले पुढचे टप्पे अशा डोळ्यासाठी नाहीत.

टप्पा २: चिठ्ठी आणि बाटल्या जुळवा

चिठ्ठीवर सहसा दोन औषधं असतात. एक स्टेरॉइड: प्रेडनिसोलोन अॅसिटेट १ टक्का, दिवसातून ४ वेळा, किंवा डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्के, डेक्सामेथासोन, लोटेप्रेडनॉल यांतलं काही. दुसरं स्टेरॉइड नसलेलं दाहशामक: नेपाफेनॅक ०.१ टक्का दिवसातून ३ वेळा, किंवा नेपाफेनॅक ०.३ टक्के दिवसातून एकदा, किंवा ब्रोमफेनॅक ०.०९ टक्के दिवसातून एकदा-दोनदा, किंवा केटोरोलॅक ४ वेळा.

दोन का? प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होण्याची जी साखळी असते, तिच्यात स्टेरॉइड वरची कडी अडवतं आणि दुसरं औषध खालची. "दोन्ही सुजेचीच आहेत ना, मग एक पुरे" असं म्हणून महागडी बाटली वगळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना सरळ सांगा, त्याच गटातलं स्वस्त औषध मिळतं.

दुकानातून बाटल्या घेताना काउंटरवरच हे तपासा:

नेपाफेनॅकची टक्केवारी. ०.१ आणि ०.३ ची खोकी जवळपास सारखी दिसतात, पण एक दिवसातून ३ वेळा आणि दुसरं एकदाच. ०.३ वालं ३ वेळा टाकलं तर मात्रा गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते, ०.१ वालं एकदाच टाकलं तर सूज उतरत नाही.

बाटलीत एकच औषध आहे की जोडगोळी. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब देतात, मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असलेले. सूज दिसून येईपर्यंत अँटिबायोटिकची गरज संपलेली असते. "प्रेडनिसोलोन" एवढं वाचून दुकानदाराने जोडगोळी हातात ठेवली तर परत करा. त्याहून वाईट प्रकार घरात घडतो: ऑपरेशनच्या वेळची उरलेली बाटली खणातून निघते आणि नव्या स्टेरॉइडच्या बाटलीबरोबर तीही चालू राहते. म्हणजे स्टेरॉइड दुप्पट. जुनी बाटली आजच टाकून द्या.

ब्रँड बदलला तर खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि टक्केवारी चिठ्ठीशी जुळते का ते बघा. ज्याची नजर चांगली आहे त्याला वाचायला सांगा. सुजलेल्या डोळ्याने ०.१ आणि ०.३ ओळखायला जाऊ नका.

मग घरी आल्यावर दोन कामं. प्रत्येक बाटलीवर सील फोडल्याची तारीख पेनने लिहा. उघडलेली बाटली सहसा ४ आठवड्यांनी टाकायची असते. आणि दोन बाटल्या हाताला वेगळ्या कळतील अशी खूण करा: एकीला रबरबँड, दुसरीला काही नाही. रात्री दिवा न लावता बाटली उचलणाऱ्यांसाठी हे विशेष.

साठवण सोपी आहे. लेबलवर लिहिलेल्या तापमानाखाली, उन्हापासून दूर, बाटली उभी. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खिडकीची फळी, गाडीचा डॅशबोर्ड आणि गॅसजवळचा ओटा या तिन्ही जागा वर्ज्य. लेबलवर लिहिलं नसेल तर फ्रिज लागत नाही, आणि फ्रीझर कधीच नाही.

टप्पा ३: वेळापत्रक आणि थेंबांचा हिशेब

"दिवसातून ४ वेळा" म्हणजे जागेपणी सारख्या अंतराने ४ वेळा. सकाळी ८ ते दुपारी ३ मध्ये चारही उरकून मोकळं होणं म्हणजे उरलेले १७ तास डोळा औषधाविना. सोपं वेळापत्रक असं बसतं:

- स्टेरॉइड: सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५, रात्री १०
- नेपाफेनॅक ०.१: सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी, दुपारी २, रात्री १० वाजून १० मिनिटांनी
- डोळ्यात ओलाव्यासाठी थेंब असतील तर यांच्यानंतर १० मिनिटांनी, सगळ्यांत शेवटी

दुपारी २ चा थेंब सर्वांत जास्त चुकतो. त्याला मोबाइलमध्ये वेगळा अलार्म हवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात प्रत्येक थेंबाला एक काडी ओढा. आज दुपारचा टाकला की कालचा आठवतोय, हा वाद त्याने मिटतो. नेमका हाच वाद होऊन दोनदा टाकला जातो.

एखादा थेंब चुकला तर आठवल्याबरोबर टाका. पुढची वेळ तासाभरावर आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम टाकून भरपाई होत नाही. कारण पुढच्या टप्प्यात येतंच. एकादशीला, चतुर्थीला थेंब घशात उतरतो म्हणून दुपारचे दोन्ही चुकवणारेही भेटतात. नाकाजवळचा कोपरा दाबायची रीत पुढे दिली आहे, तिने घशात उतरणारं औषध फार कमी होतं. थेंब सोडू नका.

तपासा: बाटली किती दिवस पुरली? ५ मिलिलिटरच्या बाटलीत ढोबळमानाने १०० थेंब असतात. एका डोळ्यात दिवसाला ४ म्हणजे साधारण २५ दिवस. बाटली १२ दिवसांत संपली तर प्रत्येक वेळी दोन-दोन थेंब पडताहेत, किंवा निम्मे गालावर जाताहेत. महिना झाला आणि बाटली अजून अर्धी आहे, तर रोजचे थेंब चुकताहेत, काड्या काहीही सांगोत. ४ आठवडे पूर्ण मात्रा आणि पुढे तीन आठवडे कमी करत जाणं असा कोर्स असेल तर स्टेरॉइडचे सुमारे १५० थेंब लागतात, म्हणजे दोन बाटल्या. दुसरी बाटली पहिली संपायच्या चार दिवस आधी घरात असू द्या.

टप्पा ४: थेंब टाकणं

सगळ्या कोर्सचं यश या दोन-तीन मिनिटांवर आहे, आणि इथेच लोक सर्वांत घाई करतात. खालच्या पापणीच्या खोबणीत जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो. बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे एकाच थेंबाने खोबण भरून वाहते. दुसरा थेंब टाकला तर तो पहिल्याला धुऊन बाहेर काढतो. औषध वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो.

१. साबणाने हात धुवा, स्वच्छ कापडाने कोरडे करा. ओल्या हातातून बाटली निसटते आणि तिचं टोक पापणीला घासतं.

२. बाटली हलवायची का ते नावावरून ठरवा. प्रेडनिसोलोन अॅसिटेट आणि नेपाफेनॅक ही पाण्यात न विरघळणारी, गढूळ औषधं. ती तळाशी बसतात. झाकण घट्ट लावून १५ ते २० वेळा चांगली हलवा. न हलवता टाकत राहिलात तर सुरुवातीचे थेंब जवळजवळ पाणी, आणि तळाचे थेंब औषधाने दाट. "पहिली बाटली लागूच पडली नाही, शेवटी शेवटी जरा फरक वाटला" याचं एक कारण हेच असतं. ब्रोमफेनॅक आणि केटोरोलॅक स्वच्छ द्रावणं आहेत, त्यांना हलवायला लागत नाही. डायफ्लुप्रेडनेटलाही नाही.

३. आडवे व्हा, किंवा खुर्चीत बसून मान पूर्ण मागे टाका. उभ्याने, आरशासमोर टाकायचा प्रयत्न ज्येष्ठांनी करू नये. हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवा.

४. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने खालची पापणी हलकेच खाली ओढा, खोबण तयार होते. नजर वर, छताकडे. बाटलीचं टोक डोळ्यापासून बोटभर वर ठेवा. थेंब खोबणीत पडला पाहिजे. बुबुळावर टाकलेला थेंब झोंबतो, डोळा मिटतो आणि औषध बाहेर येतं.

५. एकच थेंब. पडला की नाही कळलं नाही तर दुसरा टाका, पण ते अपवाद म्हणून. रोजची सवय नको.

६. डोळा हलकेच मिटा. घट्ट मिटू नका, भराभर उघडझाप करू नका. दोन्हींनी औषध अश्रूंच्या नळीतून नाकात जातं.

७. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाला लागून, तर्जनीने हलका दाब द्या. पूर्ण दोन मिनिटं. दाब हाडावर हवा, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात नको. असं केल्याने औषध डोळ्यात जास्त वेळ राहतं आणि तोंडाला येणारी कडू चवही थांबते. थेंब टाकल्यावर जीभ कडू होत असेल तर दाब चुकीच्या जागी पडतोय, ही घरच्या घरी होणारी परीक्षाच समजा.

८. गालावर आलेलं पाणी स्वच्छ टिशूने गालावरच टिपा. पदराने, टॉवेलने किंवा खिशातल्या रुमालाने डोळा पुसायचा नाही.

९. दुसऱ्या औषधाआधी निदान ५ मिनिटं थांबा. दोन मिनिटं दाबण्यात गेलेलीच असतात. १० थांबता आलं तर उत्तम. क्रम असा: आधी स्वच्छ द्रावण, मग गढूळ औषध, मग ओलाव्याचे थेंब, आणि मलम असेल तर सगळ्यांत शेवटी. दोन्ही औषधं गढूळ असतील (प्रेडनिसोलोन आणि नेपाफेनॅक) तर कुठलं आधी याने फरक पडत नाही, अंतर मात्र पाळा.

सावधान: थेंब फक्त सुजलेल्या डोळ्यात. "दोन्ही डोळ्यांत टाकलं तर काय बिघडलं" असं नाही. दुसऱ्या डोळ्यात अजून स्वतःचं भिंग असेल तर स्टेरॉइडने तिथला मोतीबिंदू वाढू शकतो, प्रेशरही चढू शकतं. बाटली घरात दुसऱ्या कोणालाही, "डोळा लाल झालाय जरा" म्हणून, द्यायची नाही.

तपासा: कोर्सच्या पहिल्या दिवशी घरातल्या दुसऱ्या माणसाला समोर बसवून एकदा थेंब टाकून दाखवा. टोक पापणीला लागतं का, थेंब कुठे पडतो, हे टाकणाऱ्याला स्वतःला दिसत नाही.

टप्पा ५: पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात काही जाणवलं नाही तर ते स्वाभाविक आहे. साचलेलं पाणी हळूहळू शोषलं जातं, आणि बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात फरक कळू लागतो. पूर्ण उतरायला कित्येकदा दोन-तीन महिने लागतात. "दहा दिवस झाले, काही उपयोग नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका. नवे डॉक्टर बहुधा हेच थेंब लिहितात आणि कोर्स पहिल्या दिवसापासून मोजला जातो.

घरी आठवड्यातून एकदा पाहणी करा, ठरलेल्या वारी, सारख्या उजेडात. आलेखाचा कागद घ्या, मध्यभागी ठिपका द्या. वाचायचा चष्मा लावून, चांगला डोळा तळहाताने झाकून, कागद सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून ठिपक्याकडे बघा. रेषा कुठे वाकतात, कुठे पुसट होतात, तिथे पेन्सिलने गोल करा आणि तारीख घाला. चार आठवड्यांचे चार कागद डॉक्टरांना दाखवले की "जरा बरं वाटतंय" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. रोज दहादा बघत बसू नका. दिवसागणिक थोडा चढ-उतार होतोच आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

केटोरोलॅक टाकल्यावर क्षणभर झोंबतं, तेवढं चालतं. पण झोंबणं तासभर टिकलं, डोळ्यात खडा गेल्यासारखं सलू लागलं, उजेड सहन होईना, लाली वाढत गेली, तर दाहशामक थेंब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. या गटातली औषधं कधीकधी बुबुळावरचा पारदर्शक भाग विरघळवू शकतात. हे क्वचित होतं, पण मधुमेह, कोरडे डोळे, संधिवात किंवा एकाच डोळ्यावर वारंवार ऑपरेशनं झालेल्यांत धोका जास्त, आणि झालं तर वेगाने होतं.

आता प्रेशर. स्टेरॉइडचे थेंब काही लोकांत डोळ्याचं प्रेशर वाढवतात, बहुधा दोन आठवड्यांनंतर. नेहमीचं प्रेशर १० ते २१ मिमी (पारा) च्या दरम्यान असतं. ते तिशी-चाळिशीत गेलं तरी डोळा दुखेलच असं नाही, दिसायलाही सुरुवातीला काही फरक पडत नाही. तोवर डोळ्याच्या नसेचं नुकसान चालू असतं आणि गेलेली नस परत येत नाही. डायफ्लुप्रेडनेट जोरदार औषध आहे, त्यावर लक्ष जास्त ठेवावं लागतं. म्हणून स्टेरॉइड सुरू झाल्यावर २ ते ४ आठवड्यांत एकदा, आणि चालू असेपर्यंत साधारण दर महिन्याला प्रेशर मोजलंच पाहिजे. ऑपरेशनचं हॉस्पिटल पुण्या-मुंबईत आणि घर तालुक्याच्या गावी असेल, तर प्रेशर मोजण्यापुरतं जवळच्या नेत्ररोगतज्ज्ञांकडे जा आणि आकडा फोनवर कळवा. ही भेट अंतरामुळे टाळण्यासारखी नाही.

सावधान: स्टेरॉइडची बाटली चिठ्ठीवरच्या तारखेनंतर दुकानातून पुन्हा आणू नका. दुकानदार देतो, याचा अर्थ चालू ठेवायची आहे असा होत नाही.

टप्पा ६: दुसरा ओसीटी

सुरुवातीनंतर ४ ते ६ आठवड्यांनी, शक्यतो त्याच मशिनवर. जाताना सोबत काय घ्याल: पहिला रिपोर्ट, सगळ्या बाटल्या (रिकाम्यासुद्धा), कॅलेंडरचं पान किंवा त्याचा फोटो, आलेखाचे कागद. थेंब त्या दिवशी नेहमीच्या वेळी टाकूनच जा. बाहुली मोठी करणारे थेंब टाकतील, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

तीन प्रश्न विचारा. जाडी किती होती आणि आता किती आहे? पोकळ्या पूर्ण गेल्या की काही उरल्या? प्रेशर किती? पोकळ्या गेल्या आणि दृष्टी अजून पूर्ण आली नाही, असं होतं. पडद्याच्या पेशींना सावरायला वेळ लागतो. उलट बाजूनेही होतं: वाचता येऊ लागलेलं असतं, पण स्कॅनवर पाणी उरलेलं असतं. या दुसऱ्या गटातले लोक कोर्स मध्येच सोडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत सूज पुन्हा येते. थेंब किती दिवस चालणार हे ठरवताना स्कॅनला तुमच्या वाटण्यापेक्षा जास्त वजन द्या.

टप्पा ७: थेंब कमी करत जाणं

स्टेरॉइड एकदम बंद केलं तर दाह उसळतो. नेहमीची उतरंड अशी असते: दिवसातून ४ वरून एक आठवडा ३ वेळा, पुढचा आठवडा २ वेळा, मग एक आठवडा एकदा, मग बंद. दाहशामक थेंब या काळात पूर्ण मात्रेत चालू राहतात आणि बहुधा स्टेरॉइडनंतरही काही आठवडे ठेवले जातात. लोक नेमकं उलटं करतात: दाहशामक महाग म्हणून आधी सोडतात, स्टेरॉइड स्वस्त म्हणून ओढत नेतात.

चिठ्ठीवर "टेपर करा" एवढंच लिहिलं असेल तर दवाखाना सोडण्याआधी तारखा मागा. कोणत्या तारखेपासून ३, कोणत्या तारखेपासून २, शेवटचा थेंब कधी. कॅलेंडरवर त्या तारखांना वेगळ्या शाईने गोल करा.

कमी करताना धूसरपणा परत आला, तर स्वतःहून पुन्हा ४ वर जाऊ नका. फोन करा, स्कॅन होऊ द्या. परत सूज आली असेल तर कमी करण्याचा वेग बदलावा लागतो. आणि कधी धूसरपणाचं कारण वेगळंच निघतं, बसवलेल्या भिंगामागे आलेली जाळी, किंवा साधा कोरडेपणा.

तपासा: शेवटच्या थेंबानंतर ४ ते ६ आठवड्यांनी आणखी एक ओसीटी. थेंब बंद असतानाही पडदा सपाट राहिला, तरच कोर्स पूर्ण झाला.

टप्पा ८: थेंबांनी भागलं नाही तर

दोन-तीन महिने थेंब नीट टाकूनही पोकळ्या तशाच असतील, तर तेच थेंब पुढे रेटण्यात अर्थ नसतो. आधी कारण शोधलं जातं: भिंगाचा एखादा तुकडा आत राहिला आहे का, डोळ्यातला जेलीसारखा द्रव जखमेत अडकला आहे का, बसवलेलं भिंग आतल्या भागाला घासतं आहे का, मधुमेहाची सूज मिसळली आहे का. यासाठी कधी हातात रंग टोचून पडद्याचे फोटो काढतात. पुढचे उपाय म्हणजे डोळ्याच्या बाजूला किंवा आत स्टेरॉइडचं इंजेक्शन, डेक्सामेथासोनचं हळूहळू विरघळणारं इम्प्लांट, किंवा रक्तवाहिन्यांचा पाझर रोखणारं इंजेक्शन. काही ठिकाणी अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्याही देतात. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असेल तर गोळी घेण्याआधी ते सांगा. थेंबांनी प्रेशर चढलेल्या माणसाने, इंजेक्शनही स्टेरॉइडचंच आहे का, हे विचारायला विसरू नये. आत गेलेलं इंजेक्शन बाटलीसारखं बंद करता येत नाही.

टप्पा ९: दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी

एका डोळ्याला ही सूज आली असेल तर दुसऱ्यातही येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पहिला पडदा कोरडा झाल्यावरच ठरवा, आणि सर्जनला ही गोष्ट तारीख घेतानाच सांगा, टेबलवर झोपल्यावर नाही. हॉस्पिटल बदललं असेल किंवा शिबिरात ऑपरेशन असेल तर दोन्ही ओसीटी रिपोर्ट आणि प्रेशरचे आकडे दाखवा. अशा डोळ्यात दाहशामक थेंब ऑपरेशनच्या एक ते तीन दिवस आधी सुरू करून पुढे नेहमीपेक्षा जास्त आठवडे देता येतात. पहिल्या वेळी कोणत्या स्टेरॉइडने प्रेशर चढलं होतं ते नाव वहीत असेल, तर या वेळी सुरुवातीपासूनच दुसरं निवडता येतं.